इंगळीचा दंश आणि डॉक्टर व्हायची इच्छा

भातकापणी सुरू झाली की भाऱ्याखाली, चिऱ्यांच्या गडग्यात, चुलीच्या लाकडांत हात जपूनच घालावा लागतो, कारण तिथे लाल इंगळी, म्हणजे लाल विंचू, असू शकते. कोकणातल्या ज्या मुलामुलींना डॉक्टर व्हायचंय, त्यांनी पांढऱ्या कोटाकडे नंतर बघावं. आधी या इंगळीवरचा उपचार कसा सापडला ते समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचवाच्या गंभीर दंशात शंभरातले चाळीसेक पेशंट दगावत. बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या: घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, चढलेलं बीपी, आणि मग थकलेलं हृदय, फुप्फुसांत साचलेलं पाणी, तोंडाला फेस. १९८२ मध्ये ही लक्षणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

विषामुळे शरीरात अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं बेसुमार सुटतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. मग त्या सैल करणारं औषध का देऊ नये? बीपीसाठी वापरात असलेलं प्राझोसिन नेमकं तेच करतं. त्यावरचा त्यांचा लेख १९८६ मध्ये आला आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मुलांनी लक्षात ठेवायच्या त्या उशाशी बसून केलेल्या नोंदी.

आता बारकावा बघा. प्राझोसिनचा डोस वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. १५ किलोच्या पोराला ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या गोळीच्या निम्म्याहून जरा कमी. दर ३ तासांनी पुन्हा, हातपाय गरम होईपर्यंत. हा दवाखान्यातला उपचार आहे, घरी करायचा नव्हे. घाम-उलट्यांनी गेलेलं पाणी भरून काढावं लागतं, पण सलाईन जास्त झालं तर तेच पाणी फुप्फुसांत साचायचं. शिवाय घाबरलेली आई पोराला उचलून खांद्यावर घेते आणि या औषधावर उभं धरलं की बीपी धाडकन घसरतं. म्हणून पोर आडवंच ठेवायचं, हे आईला समजावून सांगणं हाही उपचारच.

फुरसं हा विषारी साप चावल्यावरची तपासणी तर याहून साधी. २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करून बघायची. रक्त पातळच राहून वाहिलं, तर विषाने गोठण्याची ताकद संपवलीय. पण नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर चांगलं रक्तही कधी कधी गोठत नाही. मग गरज नसताना सर्पविषावरचं प्रतिविष दिलं जातं आणि त्याची रिअॅक्शन पेशंटच्या जिवावर बेतू शकते. एवढा सगळा फरक एका नळीच्या धुण्यात. हे वाचून ‘साबणाने असं का होतं?’ असा प्रश्न ज्याला पडला, त्याने खुशाल मेडिकलची वाट धरावी.

त्या वाटेवर ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, म्हणून आपल्याकडची पोरं तेच घोकतात आणि भौतिकशास्त्रात अडकतात. डोसचं गणित करताना शेवटी तोच हिशेबीपणा लागतो. कागदपत्रांत अडकणाऱ्यांचं तर फारच वाईट वाटतं. बांदा, दोडामार्ग भागातली मुलं अकरावी-बारावीला गोव्यात जातात. पण सरकारी कॉलेजांतल्या राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. अकरावीचा प्रवेश घेण्याआधीच याचा विचार करा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच टाका, निकालानंतर धावपळ करून ते वेळेत हातात पडेलच असं नाही. उरलेल्या अखिल भारतीय १५ टक्के जागांत ओबीसीला केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, राज्याचं चालत नाही.

सरकारी कॉलेजं आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातही आहेत, त्यामुळे मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही ही समजूत सोडायला हवी.

दहावीच्या सुट्टीत वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन एक दिवस गावच्या आरोग्य केंद्रात बसा. फोन खिशातच राहू द्या, पेशंटचं नाव-गाव बाहेर बोलू नका. केसपेपर कोण लिहितं, बीपी घेताना पेशंटचा हात कुठे टेकवतात, सिस्टर लशीच्या फ्रिजचं तापमान किती वाजता वहीत टिपतात, ते बघा. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. वीज गेली की त्या वहीला फार किंमत येते.