पायपेटी, उदबत्ती आणि चौऱ्याऐंशी सूर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायचं हार्मोनियम, टेंपोतून आमच्या कुडाळच्या घरी आली. दशावतारी म्हणजे कोकणातली लोकनाट्यं करणाऱ्या कंपनीची पेटी, ताडपत्रीत गुंडाळलेली. सोबत पेटी वाजवणारे बुवा स्वतः आले होते. पडवीत टेकले आणि पहिला प्रश्न केला, "बाय, तुळशीच्या लग्नाआधी होतली मां?" तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू, आणि जत्रा सुरू झाल्या की ही पेटी एका रात्रीचीही मोकळी नाही. मी म्हटलं, "होतली, बुवानु."

आमच्याकडे दुरुस्तीला पेट्या पावसातच येतात. बाबा सुतार होते, पेटीचं काम मी त्यांच्या हाताखाली शिकले. हल्ली दारात येतात त्या बहुतेक हातपेट्या. पायपेटी आली की मात्र हातातलं दुसरं काम बाजूला राहतं. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने १८४२ साली पेटंट घेतलं ते हार्मोनियम पायानेच वाजत असे. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता हाताने मारायची पेटी बनवली आणि वाजवणारा जमिनीवर मांडी घालून बसू लागला. आमच्या दशावतारात मात्र पायपेटी टिकली. पाय भात्यावर, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे, शेजारी मृदंग आणि झांज.

तक्रार अशी होती की सूर, म्हणजे पेटीतल्या पितळी जिभा, दमतात. बुवांना कुणीतरी सांगितलं होतं, सगळे सूर बदला, नवीन सेट घाला. पेटी दमली की लोकांचा पहिला संशय सुरांवर जातो. माझा भात्यावर जातो. पितळेची जीभ शंभर वर्षं टिकते, चामडं आणि कापड टिकत नाही.

भाता भरला, एकही पट्टी दाबली नाही आणि आकडे मोजले. सहापर्यंत गेले नाही तोच भाता खाली बसला. चांगली पेटी तीसपर्यंत सहज धरते. मग दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि उदबत्ती लावली. पेटीच्या प्रत्येक सांध्याशी ती हळूहळू फिरवायची. धूर सरळ वर जातोय तिथे सांधा शाबूत. डाव्या मागच्या कोपऱ्यावर धूर एकदम आडवा झाला. तिथे चामड्याच्या घडीत उंदराने कुरतडलेलं भोक होतं, आणि त्यावर कुणीतरी पांढरा गोंद थापून रबराचा तुकडा चिकटवला होता.

या पांढऱ्या गोंदाचा मला मनापासून राग आहे. सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदाने, चिकटवलेलं चामडं गरम ओल्या फडक्याने शेकलं की अलगद सुटतं, लाकडाला ओरखडाही येत नाही. तो गोंद सुटताना लाकडाची सालं घेऊन निघतो. आपल्यानंतर ही पेटी पुन्हा कुणीतरी उघडणार आहे, एवढं तरी दुरुस्ती करणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. त्या एका कोपऱ्यावर माझे चार दिवस गेले. नवीन चामडं पातळ तासून, सरस लावून, रात्रभर वजनाखाली ठेवलं. आमच्या हवेत सरस वाळायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून कपाटात चाळीस वॉटचा दिवा लावून भाता त्यात सुकवला. फुगून एकमेकींना घासणाऱ्या पट्ट्या तासायच्या मोहात मात्र पडले नाही. दसऱ्यापर्यंत त्या आपोआप मोकळ्या झाल्या. श्रावणात तासलेली पट्टी उन्हाळ्यात खुळखुळते.

पेटी ४२ पट्ट्यांची, दुहेरी सुरांची, म्हणजे पट्टीला दोन, एकूण ८४ सूर. त्यातले अकरा बोलत नव्हते. नऊ तर नुसत्या मऊ ब्रशने बोलू लागले. जीभ आणि तिच्या खाचेमध्ये केसाएवढीच जागा असते. धुळीचा एक कण अडकला तरी सूर मुका होतो. मंद्र पंचमात झुरळाच्या पायाचा तुकडा निघाला. जिभेखाली दाढीच्या पात्याची पातळ पट्टी सरकवून तो काढला, भाता भरला, आणि सूर असा भरदार आला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आता सूर लावणं. मोबाइलवर पाहिलं तर अख्खी पेटी साधारण वीस सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) खाली, वरपासून खालपर्यंत सारखीच. आजच्या ४४० ऐवजी सेकंदाला ४३५ कंपनं, म्हणजे फ्रान्सने १८५९ साली ठरवून घेतलेली सुरांची जुनी पट्टी. ती ४४० वर न्यायची तर प्रत्येक जिभेचं टोक कानशीने खरवडावं लागलं असतं. टोक हलकं झालं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि एकदा गेलेलं पितळ परत येत नाही. शिकत होते तेव्हा एका कोमल गंधाराला मुळाशी जरा जास्तच कानस लागली आणि जीभ माझ्या बोटांत तुटून आली. बाबा काही बोलले नाहीत. जुन्या सुरांच्या डब्यातून जुळणारा शोधून त्यांनी बसवला, त्याला दीड दिवस लागला. तो दीड दिवस मी विसरलेले नाही. दशावतारात गाणारा पेटीच्याच सुरात गातो, आणि मृदंग जुळवून घेता येतो. मग ८४ जिभा कशासाठी खरवडायच्या? जोडीतले जे सात सूर एकमेकांपासून सरकून लाटा मारत होते, तेवढेच लावले. बाकी हात लावला नाही.

तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी बुवा आले, सोबत मृदंगवाला. पेटी दारातच मांडली. त्यांनी भाता भरला, पाय उचलला आणि एकच षड्ज धरून बसले. तो संपेचना. माझ्याकडे बघून म्हणाले, "सूर गावलो." मी सुरांची पट्टी जुनीच ठेवल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मृदंगवाल्याला खूण केली. त्याने हातोडी काढली, मृदंग आडवा करून गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, उलट्या बाजूने दोन हलके ठोके दिले, कान लावला, आणखी एक दिला.