१६५ पैकी १३१, आणि खानापूरचा पाऊस

जुलै सुरू झाला तेव्हा '१५१' सेटची (म्हणजे पहिल्या १५१ पोकेमॉन प्राण्यांवरच्या सेटची, मूळ कार्डं १६५) माझी १२४ पोकेमॉन कार्डं होती, आज १३१ आहेत. सातातली पाच अदलाबदलीत मिळाली, दोन कोल्हापूरहून आणलेल्या पॅकमधून निघाली. १६६ ते २०७ ही खास चित्रांची कार्डं मी सध्या मोजत नाही. आधी मूळ १६५ पुरी करायची.

फाइलच्या पहिल्या पानावर माझा फार जीव आहे. नऊ खणांचं पान आणि क्रमांक १ ते ९. वरच्या ओळीत बल्बासॉरचं घराणं, मधल्या ओळीत चारमँडरचं, खाली स्क्वर्टलचं. इतकं नेमकं बसतं की सेट काढणाऱ्यांनी नऊ खणांचं पान समोर ठेवूनच आखणी केली असावी, असं वाटतं. या महिन्यात आठवा, वॉर्टॉर्टल, मिळाला. आता मधल्या ओळीचा शेवटचा खण तेवढा रिकामा आहे. सहावा, चारिझार्ड ईएक्स (ईएक्स म्हणजे जास्त ताकदीचं कार्ड).

पण महिनाभर खरी झुंज चालली ती ओलीशी. खानापूरला पाऊस लागला की भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या होतात. गेंगार, ९४ नंबर, माझं सगळ्यात लाडकं चमकतं कार्ड. एका सकाळी टेबलावर ठेवलं तर मध्ये टेकलेलं आणि दोन्ही कडा वर उचललेल्या. कडेखाली रुपयाचं नाणं सहज सरकत होतं. पोटात कालवलं अगदी. कारण साधं आहे: कागद ओल पितो आणि फुगतो, वरचा चमकीचा थर फुगत नाही, म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला वाटीसारखं वळतं. साध्या कार्डांना हा त्रास फारसा होत नाही. प्लास्टिकच्या कव्हरात होतं, तरी वळलं.

आधी जाड पुस्तकाखाली दाबलं. काढल्यावर संध्याकाळपर्यंत पुन्हा तसंच. मग आईकडून घट्ट झाकणाचा डबा मागून घेतला, बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या आठ पुड्या तळाशी टाकल्या आणि वर कार्डं उभी ठेवली. नवव्या दिवशी नाणं कडेखाली जाईना! मात्र रोज बघा. एक कार्ड मी विसरलो, ते जास्त सुकून उलट्या बाजूला वळलं. तांदळात ठेवू नका, भुकटी चिकटते. इस्त्री तर अजिबात नको.

एक गोष्ट मनाला लागली. जत्रेत स्वस्तात घेतलेलं पाकीट घेऊन गल्लीतला सातवीतला पोरगा आला. "मामा, ह्यो खरा हाय काय ओ?" मोबाइलचा टॉर्च मागून धरला, तर उजेड आरपार. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये काळसर थर असतो, तो उजेड बराच अडवतो, आणि कड नीट पाहिली तर ती बारीक काळी रेघ दिसते. मागचा निळाही फिकट होता. खोटंच होतं ते. त्याला माझ्याकडची जास्तीची बारा साधी कार्डं दिली आणि शेजारी बसवून कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातलं चिन्ह दाखवलं: गोल म्हणजे कॉमन (सहज मिळणारं), पत्त्यांतली चौकट म्हणजे अनकॉमन (जरा कमी मिळणारं), तारा म्हणजे रेअर (दुर्मिळ). दुसऱ्या दिवशी तोच टॉर्च घेऊन दोन मित्रांची कार्डं तपासत होता.

शहापुरातल्या एकाकडे सहावा, म्हणजे चारिझार्ड, जास्तीचा आहे. त्याला गेंगार हवाय. माझ्याकडे गेंगार एकच, आणि तो नुकताच सरळ झालाय, त्यामुळे अजून हो म्हटलेलं नाही. कुणाकडे ९४ दुसरा असेल तर कळवा, बदल्यात डिट्टो आणि दोन स्नॉरलॅक्स आहेत.