क्रिस्तिना राजकन्येच्या मागावर: वायादोलिद, बुर्गोस, कोवारुबियास

उत्तर स्पेनमधल्या कोवारुबियासला येणारी बहुतेक मंडळी बुर्गोसहून गाडीने येतात, चर्चच्या ओवरीतली दगडी शवपेटी बघतात, बाहेरच्या पुतळ्यासोबत फोटो काढतात आणि तासाभरात सिलोसच्या मठाकडे निघतात. एवढ्यासाठीच जाणार असाल तर नाही गेलात तरी चालेल. नॉर्वेच्या क्रिस्तिनाचं जेमतेम 28 वर्षांचं आयुष्य उलगडायचं तर आधी वायादोलिद, मग बुर्गोस, मग कोवारुबियास आणि शेवटी वियालकासार दे सिर्गा असा क्रम लावा. स्वतःच्या गाडीने तीन दिवस पुरतात. बस आणि रेल्वेने गेलात तर चार धरा.

ठिकठिकाणचे माहितीफलक त्रोटक आणि बहुतांशी स्पॅनिशमध्ये आहेत, त्यामुळे या राजकन्येच्या लग्नाचं स्थळ कसं जुळलं ते घरून वाचूनच निघावं. क्रिस्तिना ही नॉर्वेचा राजा हाकोन हाकोनसन याची मुलगी, जन्म 1234 चा. कास्तिल हे आजच्या स्पेनमधलं तेव्हाचं राज्य. त्याचा राजा अल्फोन्सो दहावा याला पवित्र रोमन सम्राट, म्हणजे मुख्यतः जर्मन प्रदेशांच्या साम्राज्याचा प्रमुख, व्हायचं होतं. त्याची आई होहेनश्टाउफेन या आधीच्या सम्राटांच्या घराण्यातली, म्हणून त्याचा दावा. आणि 1257 मध्ये निवडीचा हक्क असलेल्या जर्मन सरदारांच्या एका गटाने त्याला निवडलंही. त्याला उत्तरेत मित्र हवे होते. हाकोनचा हिशेब वेगळा होता. नॉर्वेत धान्य बाहेरून यायचं, त्यात ल्युबेक या जर्मन व्यापारी शहराचा मोठा हात, आणि ल्युबेक साम्राज्याच्या छत्राखाली. उद्याचा सम्राट व्याही झाला तर ल्युबेकशी बोलताना वजन पडणार. हाकोनने अट मात्र घातली: राजाच्या भावांपैकी कोण पसंत आहे ते मुलगी स्वतः ठरवील. म्हणजे दाखवण्याचा कार्यक्रम मुलांचा झाला.

हे सगळं कळतं ते हाकोनच्या सागामधून, म्हणजे जुन्या नॉर्स भाषेतल्या चरित्रकथेतून. आइसलंडच्या स्तुर्ला थोर्दार्सन याने ती राजाच्या मृत्यूनंतर लगेचच, 1260 च्या दशकात लिहिली. इंग्रजी भाषांतर मिळतं. त्यातली 1256 ते 1258 ची प्रकरणं निघण्यापूर्वी वाचली तरी पुरे.

1257 च्या उन्हाळ्यात वऱ्हाड त्योन्सबर्गहून निघालं. शंभराहून जास्त माणसं, सोबत हामारचा बिशप पेटर. जहाजाने इंग्लंडमधलं यार्मथ, तिथून नॉर्मंडी, आणि पुढे बिस्केच्या समुद्रातून न जाता घोड्यांवरून फ्रान्स ओलांडून नार्बोन आणि कातालोनिया. बार्सेलोनात आरागॉनचा राजा हाइमे पहिला स्वतः सामोरा आला. डिसेंबरच्या अखेरीस सोरिया, नाताळ बुर्गोसला, आणि जानेवारी 1258 च्या सुरुवातीला वायादोलिद. नॉर्वेतही हा माग काढायचा असेल तर त्योन्सबर्गच्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि बर्गनला हाकोनचा दरबारमहाल उभा आहे. पण तो महाल 1261 मध्ये तिच्या भावाच्या लग्नासाठी पुरा झाला, तेव्हा ती दक्षिण स्पेनमधल्या सेवियात होती.

माद्रिदच्या चामार्तिन स्थानकावरून वायादोलिद वेगवान गाडीने तासाभरावर आहे. सकाळची गाडी घ्या, कारण पाहायचं ते कमी आहे आणि नीट शोधावं लागतं. क्रिस्तिनाचं लग्न लागलं ते सांता मारिया ला मायोर हे चर्च आज अवशेषरूपात उरलं आहे. हुआन दे एरेराच्या आराखड्याचं, अर्धवट राहिलेलं कॅथिड्रल समोर दिसतं. अवशेष त्याच्या पाठीमागे. समोरून तिकीट काढून थेट आत शिरणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटतात, तेव्हा आधी इमारतीला वळसा घाला. जुन्या चर्चच्या काही दालनांत आता धर्मप्रांताचं संग्रहालय आहे. दुपारी दोनच्या सुमाराला बंद होणारी ठिकाणं संध्याकाळीच उघडतात, हे स्पेनमध्ये सगळीकडेच ध्यानात ठेवायला हवं.

याच गावात निवड झाली. सागा सांगते की अल्फोन्सोने भावांची ओळख करून दिली. फाद्रिके शूर आणि शिकारीचा शौकीन, पण शिकारीत ओठाला झालेल्या जखमेचा व्रण. सांचो तोलेदोच्या आर्चबिशपपदासाठी निवडलेला. तिसरा फेलिपे, तोही सेवियाच्या आर्चबिशपपदावर नेमलेला, पण त्याचा जीव धर्मकार्यापेक्षा ससाणे आणि शिकारी कुत्र्यांत. क्रिस्तिनाने फेलिपेला पसंत केलं. वाङ्‌निश्चय 6 फेब्रुवारीला, म्हणजे राखेच्या बुधवारी झाला. त्या दिवशी सुरू होणाऱ्या, ईस्टरपर्यंतच्या लेंटच्या उपवासात लग्नं लागत नसल्यामुळे लग्न ईस्टरनंतरच्या रविवारी, 31 मार्च 1258 रोजी. या दोन तारखांमधलं अंतर काही लेखांत तिच्या मनाची घालमेल म्हणून रंगवलं जातं. ते पंचांगाचं काम आहे, बाकी काही नाही.

वायादोलिदहून बुर्गोस रेल्वेने तासाभराच्या आत येतं. बुर्गोसचं रेल्वे स्थानक, रोसा मान्सानो, शहराबाहेर सुमारे 5 किलोमीटरवर आहे. सामान घेऊन चालत जायच्या भानगडीत पडू नका. शहरबस किंवा टॅक्सी घ्या. मुक्काम कॅथिड्रलच्या आसपास करा.

लास उएल्गासचा मठ सोमवारी बंद असतो. सहलीचा आराखडा याच एका गोष्टीभोवती बांधावा लागतो. अल्फोन्सो आठव्याने 1187 मध्ये स्थापन केलेला हा सिस्टर्शियन पंथाच्या जोगिणींचा मठ राजघराण्याचं दफनस्थानही होता, आणि क्रिस्तिना आली तेव्हा अल्फोन्सो दहाव्याची बहीण बेरेंगेला इथे राहत होती. क्रिस्तिनाचा नाताळ इथेच झाला. कॅथिड्रलपासून नदीकाठाने पश्चिमेला अर्धा तास चालत जाता येतं. आत मार्गदर्शकाबरोबर गटानेच सोडतात, माहिती सहसा स्पॅनिशमध्ये देतात, फेरी साधारण तासाभराची. एका वेळी ठरावीकच माणसं घेतात, म्हणून सुटीच्या दिवसात आधी तिकीट काढलेलं बरं. फोटोंना बहुतेक भागात मनाई असते.

गटात मागे रेंगाळायचं असेल तर ते कापडांच्या दालनात रेंगाळा. इथल्या थडग्यांतून निघालेले 13 व्या शतकातले कपडे जगात इतरत्र क्वचितच एवढ्या संख्येने दिसतात. अल्फोन्सो दहाव्याचा थोरला मुलगा फेर्नांदो दे ला सेर्दा 1275 मध्ये वारला. त्याचं थडगं न लुटलेलं सापडलं, त्यामुळे डोक्यावरच्या टोपीपासून सगळा पोशाख टिकला. त्यावर किल्ला आणि सिंह अशी कास्तिल-लेओनची चौकटीची नक्षी. आरागॉनची राणी लेओनोर 1244 मध्ये गेली, तिचे कपडे स्त्रियांचा वेश दाखवतात. आतला अंगरखा डाव्या कुशीवर नाडीने गच्च आवळायचा, आणि त्यावर बिनबाह्यांचं वस्त्र, ज्याच्या बगला थेट कमरेखालपर्यंत कापलेल्या, म्हणजे ती नाडी लोकांना दिसावी. नॉर्वेहून लोकर आणि कातडी पांघरून आलेल्या मुलीला कोणत्या दरबारात वावरायचं होतं, ते या एका कापडावरून जेवढं कळतं तेवढं कुठल्याच थडग्यावरून कळत नाही.

बुर्गोसहून कोवारुबियास सुमारे 40 किलोमीटर. बसगाड्या मोजक्या, आणि शनिवार-रविवारी त्यांच्या भरवशावर राहू नये. गाडी भाड्याने घेणं सोपं, पण भारतीय परवान्यावर गेलात तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघा, आणि अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. नवऱ्याच्या नावाने नोंदणी, बायकोचं कार्ड, असं झालं की काउंटरवर गाडी अडते. चालणाऱ्यांसाठी बुर्गोसच्या कॅथिड्रलपासून सान ओलाव या नॉर्वेच्या संताच्या नावाने सुमारे 60 किलोमीटरची खुणा केलेली वाट आहे. तीन दिवस लागतात. मधली गावं लहान, दुकानं कायम उघडी नसतात. दीड-दोन लिटर पाणी आणि एका जेवणाचा शिधा पाठीवर असू द्या. बुर्गोस आणि कोवारुबियास दोन्ही समुद्रसपाटीपासून 850 ते 900 मीटरवर आहेत, त्यामुळे मार्चमध्येही पहाटे गोठतं.

गावात पोचल्यावर कोलेहियाता म्हणतात ते सान कोस्मे आणि सान दामियानचं चर्च गाठा. दर्शन ठरलेल्या वेळीच आणि मार्गदर्शकाबरोबर. आठवड्यातून एक दिवस बंद. आदल्या दिवशी गावच्या पर्यटन कार्यालयात फोन करून वेळ विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा ठरलेला. आजचं चर्च 15 व्या शतकातलं आणि ओवऱ्या त्यानंतरच्या. फेलिपे तरुणपणी इथला मठाधिपती होता, म्हणून पत्नीला इथे आणून पुरलं. क्रिस्तिना 1262 मध्ये सेवियात वारली, मूलबाळ नव्हतं, आणि ती जिवंतपणी या गावी आल्याची नोंद नाही. तिच्या काळातलं गावात उभं आहे ते नदीकडचं फेर्नान गोन्सालेसचं 10 व्या शतकातलं बुरूजघर. आधी ते पाहा.

शवपेटी चुनखडीची, कडेने पानांची कोरीव वेल. 1958 मध्ये ती उघडली तेव्हा आत उंच बांध्याच्या स्त्रीचे अवशेष मिळाले. कानदुखीवरच्या लसणीच्या रसाच्या औषधाचा कागदही आत होता असं मार्गदर्शक हमखास सांगतात. शेजारी एक घंटा आहे. लग्न जमत नसलेल्या मुलींनी ती वाजवायची अशी गावातली समजूत. माहेरच्या ओढीने झुरून गेलेली राजकन्या ही गोष्टही इथेच ऐकायला मिळते. ती ऐकून घ्यावी, पण चार वर्षांच्या संसाराबद्दल सागा आणि कागदपत्रं जवळपास मुकी आहेत आणि झुरण्याचा पुरावा त्यात नाही. बाहेर चौकात ब्रित स्योरेन्सेन यांनी घडवलेला तिचा पुतळा 1978 मध्ये बसवला आहे.

गावापासून दोन-तीन किलोमीटरवर सान ओलावचं चर्च आहे. फेलिपेने तिला नॉर्वेच्या संताचं देऊळ बांधून द्यायचं वचन दिलं होतं असं म्हणतात. ते बांधलं गेलं 2011 मध्ये. बाहेरून गंजल्या रंगाचं पोलाद, आतून लाकूड, घंटेचा मनोरा वेगळा. ते बहुतेक वेळा कुलूपबंद असतं, तेव्हा आत जायचं असल्यास पर्यटन कार्यालयातच विचारा. बंद असलं तरी दरीतून चालत जाण्यासारखं आहे. एप्रिलमध्ये आसपासच्या चेरीच्या बागा फुलतात, आणि जुलैमध्ये चेरीचा उत्सव असतो. या दोन्ही वेळी राहायच्या खोल्या आधीच संपतात.

शाकाहारींनी इथे सावध राहावं. लसूण-पावाच्या कास्तिली सूपमध्ये हॅम असतं, डाळी-शेंगांच्या भाज्यांत डुकराचं मांस हमखास, आणि ‘भाजीचं’ म्हटलेल्या सॅलडवर ट्युना घालून आणतात. ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून’ (मांस नको, हॅम नको, ट्युना नको) हे तिन्ही शब्द उच्चारा. नुसतं ‘बेखेतारियानो’ (शाकाहारी) पुरत नाही. बटाट्याचं ऑम्लेट, भाजलेल्या मिरच्या, बुर्गोसचं ताजं पांढरं चीज, पाव एवढ्यावर निभतं. अंडंही चालत नसेल तर बुर्गोसहून डबा बांधून घ्या.

शेवटचा टप्पा नवऱ्याचा. तो इथे नाही. फेलिपे 1274 मध्ये वारला, त्याआधी त्याने दुसरा संसार मांडला आणि भावाविरुद्ध बंडही केलं. त्याची कबर वियालकासार दे सिर्गाच्या सांता मारिया ला ब्लांका चर्चमध्ये, बायकोपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. बुर्गोसहून ए-231 ने कार्रिओन दे लोस कोन्देस गाठा आणि पी-980 वरून 6 किलोमीटर मागे या. हीच सांतियागोच्या यात्रेकरूंची वाट. रंग टिकून असलेली ही कबर कोवारुबियासच्या पेटीपेक्षा कितीतरी बोलकी: कडेने अंत्ययात्रा कोरलेली, रडणाऱ्या बाया, बिनस्वाराचा घोडा. शेजारी पुढच्या पत्नीची मूर्ती, उंच टोपीचा पट्टा थेट तोंडावरून गेलेला. तिचं नाव कोणी इनेस सांगतं, कोणी लेओनोर. हिवाळ्यात चर्च मोजक्याच वेळी उघडतं.

पुढे सेवियाला जाणार असाल तर सांता क्लाराच्या मठाच्या आवारातला फाद्रिकेचा मनोरा पाहा. 1252 चा, लॅटिन शिलालेखासकट. ओठावर व्रण असलेला तोच नाकारलेला भाऊ. 1277 मध्ये अल्फोन्सोच्याच हुकमाने त्याला मारण्यात आलं.