शिकागोकडचं बेसमेंट, घरचं पाळणाघर: आधी पाणी, मग रेडॉन, भिंती सगळ्यात शेवटी

बेसमेंट म्हटलं की पुण्या-मुंबईत गाड्या लावायची जागा डोळ्यांसमोर येते. शिकागोच्या उपनगरांत, म्हणजे नेपरव्हिल, शॉमबर्ग, ऑरोरा या भागांत, बऱ्याच स्वतंत्र घरांखाली एक अख्खा मजला असतो. हिवाळ्यात इथली जमीन गोठते, म्हणून पाया ४२ इंचांच्या खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच आहे तर आणखी चार फूट खणून एक मजला पदरात पाडून घेतात. पुढे तिथे फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), वॉटर हीटर आणि रिकाम्या सुटकेसी राहतात. घरी पाळणाघर काढायचं ठरलं की नजर तिकडे जाणारच.

एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या) असाल तर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, हातात आल्याशिवाय यात पडू नका. घरात बसून मुलं सांभाळली तरी ते काम नोकरी-धंद्यातच मोजलं जातं.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये स्वतःची मुलं धरून तीनपेक्षा जास्त मुलं सांभाळायची तर परवाना लागतो. वर्षानुवर्षं हे काम डीसीएफएस, म्हणजे राज्याचं बालकल्याण खातं, बघत आलं. नव्या कायद्याने ते जुलै २०२६ पासून डिपार्टमेंट ऑफ अर्ली चाइल्डहुडकडे सोपवलं आहे. एकट्याने सांभाळायची तर जास्तीत जास्त ८ मुलं, त्यात स्वतःची १२ वर्षांखालची आलीच. नकाशा काढताना दर मुलामागे ३५ चौरस फूट धरा, म्हणजे ८ मुलांना २८०. ही मोकळी जमीन हवी. जिना, बाथरूम, फर्नेसची खोली आणि अडगळ वजा केली की ६०० चौरस फुटांचं बेसमेंट बघता बघता आक्रसतं.

बहुतेकांची चूक इथेच होते: पहिल्याच आठवड्यात भिंती उभ्या राहतात. जमिनीतून येणाऱ्या गोष्टींचा बंदोबस्त आधी करायला हवा, कारण नंतर त्यासाठी नवीकोरी भिंत फोडावी लागते.

पहिलं पाणी. दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारही कडांनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल काँक्रीटमधून येते आहे. वरून ओला झाला तर हवाच दमट आहे, तिथे डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) पुरतो. ही परीक्षा बर्फ वितळताना किंवा मोठ्या पावसानंतर घ्या. पन्हळीचं पाणी घरापासून सहा फूट लांब सोडा. फरशीखालच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या संप पंपाला बॅटरीचा जोडपंप हवाच, कारण पाणी ज्या वादळात चढतं त्याच वादळात वीज जाते.

भिंतीचा क्रमही ठरलेला आहे. काँक्रीटला लागून दोन इंच जाड कडक फोमचे बोर्ड, सांधे टेपने बंद. त्यापुढे लाकडी चौकट, तिची जमिनीला टेकणारी पट्टी प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे ओलीने न कुजणाऱ्या, लाकडाची. मग ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे बोर्ड, जमिनीपासून अर्धा इंच वर. फोम वाचवायला थेट काँक्रीटवर फायबरग्लासची लोकर लावली की उन्हाळ्यातली दमट हवा त्यातून आरपार जाते, थंड भिंतीवर तिचं पाणी होतं आणि बुरशी धरते. ड्रायवॉलच्या मागे ती दिसत नाही, फक्त वास येतो, आणि मुलं दिवसभर त्याच हवेत असतात.

दुसरा रेडॉन. जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत सिगारेटखालोखाल त्याचा नंबर लागतो. इलिनॉयमध्ये परवानाधारक घरगुती पाळणाघराला दर तीन वर्षांनी याची चाचणी बंधनकारक आहे. चाचणीच्या आधी १२ तास आणि चाचणी चालू असताना किमान ४८ तास दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. आकडा लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आला तर उपाय करा. उपाय म्हणजे फरशीला भोक पाडून खालची हवा पीव्हीसी पाइपाने ओढायची आणि छताच्या वर सोडायची. हवा ओढणारा पंखा अटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) किंवा घराबाहेर, बेसमेंटमध्ये कधीच नाही: पंख्याच्या पुढच्या पाइपात हवेचा दाब असतो, सांधा गळला तर रेडॉन पुन्हा खोलीत. संपच्या खड्ड्यालाही हवाबंद झाकण लागतं. हे सगळं उघड्या काँक्रीटवर एका दिवसात होतं.

तिसरी, सुटकेची खिडकी. जिन्यात धूर भरला तर हाच दुसरा रस्ता. उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, उंबरा आतल्या फरशीपासून ४४ इंचांच्या आत. लोक २० बाय २४ची खिडकी आणून मोकळे होतात, पण तिचा हिशेब ३.३ चौरस फूटच भरतो. २४ इंच उंचीला ३४ इंचांहून थोडी जास्त रुंदी लागते. सरकती खिडकी अर्धीच उघडते. बिजागरीवर पूर्ण उघडणारी केसमेंट घ्या. खिडकी जमिनीच्या पातळीखाली येते, म्हणून तिच्यासमोर बाहेर खड्डा लागतो: किमान ९ चौरस फूट, भिंतीपासून ३६ इंच पुढे. खड्डा ४४ इंचांहून जास्त खोल असेल तर पक्की शिडी. तळाशी खडी, आणि ती पायाच्या निचऱ्याच्या पाइपाला जोडलेली. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात खड्ड्याचा हौद होतो आणि पाणी खिडकीतून आत येतं. खणण्याआधी ८११ला फोन करा. ज्युली म्हणून इथली सेवा आहे, गॅस-विजेच्या लाइनी रंगाने आखून देतात, पैसे पडत नाहीत. काँक्रीट कापण्याआधी गावाचं परमिट घ्या आणि नकाशा परवान्याच्या अधिकाऱ्याला दाखवा.

विजेची वायर इथे बहुतेक गावांत धातूच्या पाइपातूनच न्यावी लागते. अमेरिकेत इतरत्र चालणारी नुसती केबल शिकागोच्या आसपास पास होत नाही. बाहेरच्या राज्यातला स्वस्त इलेक्ट्रिशियन इथे महागात पडतो. सॉकेट टॅम्पर-रेझिस्टंट, म्हणजे मुलांना भोकांत काही खुपसता येऊ नये असे. बाथरूम गटाराच्या पातळीखाली येत असेल तर मैलापाणी वर ढकलणारा इजेक्टर पंप लागतो.

फर्नेसच्या खोलीला कुलूप हवं, पण ती हवाबंद करू नका. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. हवा खेळेल असं पट्ट्यांचं दार बसवा. मुलं झोपतात त्या खोलीपासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा, इलिनॉयचा कायदाच तसा आहे.

ड्रायवॉल लावण्याआधी गावाचा इन्स्पेक्टर उघडी चौकट, वायरिंग आणि पाइप बघून जातो. त्याच्या सहीआधी एकही बोर्ड चढवू नका, आणि त्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो टेपमाप लावून काढून ठेवा.

खिडकीच्या खड्ड्यावरचं झाकण आतून, हत्याराशिवाय, एका हाताने उचलता आलं पाहिजे. जानेवारीत बर्फ पडला की ड्राइव्हवेच्या आधी ते झाकण मोकळं करा.