दर्शनी भिंतीचा दगड निवडताना

पेडण्यातील आमच्या घराच्या दर्शनी भिंतीला दगड लावायचे ठरले, तेव्हा दुकानातले रंग पाहून मन भुलले होते. पण गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्यालगतच्या हवेत मीठ असते, म्हणून दगड पाणी किती पितो हा प्रश्न रंगाच्या आधी विचारायला हवा.

मी प्रत्येक नमुन्याच्या पॉलिश नसलेल्या बाजूवर पाण्याचे थेंब टाकले. सँडस्टोनवर ओला, काळपट डाग पसरला, जांभ्याने थेंब लगेच शोषून घेतला, ग्रॅनाइटवर मात्र तो बराच वेळ गोल टिकून राहिला.

जांभा आपल्या मातीचा, खाणीत मऊ असताना कापला जाणारा आणि हवेत कठीण होणारा. तो मला मनापासून आवडतो. तरीही जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेचा गिलावा विसाव्या शतकात काढल्यापासून तिचा उघडा जांभा पावसाने झिजतो आहे, हे नजरेआड करता येत नाही.

त्यामुळे पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीला ग्रॅनाइट आणि पडवीत, छपराखाली, जांभ्याच्या पातळ लाद्या असा निर्णय आम्ही घेतला. वरच्या जड लाद्यांना गवंड्याने 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प लावले, कारण साधे लोखंड खाऱ्या हवेत गंजून फुगते आणि दगडच फोडते. जांभ्यासाठी सीलर, म्हणजे पाणी आत मुरू न देणारा लेपही भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देणाराच घेतला.