सप्तर्षीतला भडका

फेब्रुवारी 2010. महाशिवरात्र नुकतीच झाली होती. अमावस्येच्या आगेमागच्या काळोख्या रात्री म्हणजे आमचा हंगाम. मी लडाखात हान्लेला होतो. उंची जवळपास 4,300 मीटर. बुटांच्या नाड्या बांधायला वाकलं तरी धाप लागते. हॅगार या आमच्या गॅमा-किरण वेधशाळेच्या सात दुर्बिणी, षटकोनाच्या टोकांवर सहा आणि मधोमध एक, सप्तर्षीतल्या मार्केरियन 421 वर रोखलेल्या. सुमारे 40 कोटी प्रकाशवर्षं दूरचा हा ब्लेझार. त्याच्या महाकाय कृष्णविवराजवळून निघणारा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने येतो, म्हणून तो एवढा तेजस्वी दिसतो. क्ष-किरणांत तो चढलाय, एवढं आम्हाला कळलं होतं.

लोकांना वाटतं, अशा रात्री पडद्यावर काहीतरी उसळत असेल. छे! गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाही. तो वर हवेत कणांचा वर्षाव पाडतो, आणि त्यातून काही नॅनोसेकंदांची निळसर चेरेन्कोव्ह चमक खाली येते. पंचाईत अशी, की वैश्विक किरणही, म्हणजे अवकाशातून येणारे विद्युतभारित कण, तशीच चमक देतात आणि गर्दी त्यांचीच असते. भडक्यातसुद्धा शंभर नोंदींत गॅमा मोजकेच. म्हणून साधारण चाळीस मिनिटं स्रोतावर, तितकीच मिनिटं शेजारच्या रिकाम्या आकाशावर, तीही दुर्बिणी त्याच वाटेने फिरवून. मग वजाबाकी. रात्रभर मी ट्रिगरचा दर, म्हणजे सेकंदाला किती चमका नोंदल्या जातायत ते, बघत चहा पीत होतो, झालं.

खरा धक्का बसला सगळे आकडे एकत्र मांडले तेव्हा. 17 फेब्रुवारीला आमचा गॅमा प्रवाह क्रॅब नेब्युलाच्या कित्येक पट निघाला. आमच्या धंद्यात मोजपट्टी फुटलेल्या ताऱ्याच्या या अवशेषाचीच. क्ष-किरणही त्याच सुमारास वर गेलेले. आणि दृश्य प्रकाश? ढिम्म. रेडिओही तसाच. मी सरांना विचारलं, "ऑप्टिकलचा डेटा गंडलाय का?"

"डेटा बरोबर आहे. कुठले इलेक्ट्रॉन चमकतायत ते बघ," ते म्हणाले.

झोतातल्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात आणि सिंक्रोट्रॉन प्रारण सोडतात. कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचं प्रारण दृश्य प्रकाशात पडतं, सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनांचं क्ष-किरणांत. हेच वेगवान इलेक्ट्रॉन आपणच सोडलेल्या फोटॉनांना धडकून त्यांना टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत, म्हणजे गॅमाच्या ऊर्जेपर्यंत, उचलतात. म्हणून कुठल्या ऊर्जेला किती तेज, या आलेखात दोन उंचवटे: एक क्ष-किरणांत, दुसरा गॅमात. वरच्या टोकाचे इलेक्ट्रॉन भराभर ऊर्जा गमावतात, त्यामुळे नवी भरती झाली की लगेच कळतं. खालचे संथपणे निवतात, त्यांचा साठा मोठा असतो. थोडी भर पडली तरी त्यांना पत्ता लागत नाही. ऑप्टिकल ढिम्म राहण्यातच भडक्याची जागा सापडली होती: नवी भर पडली ती इलेक्ट्रॉनांच्या वरच्या टोकाला.

मग झोतातल्या एकाच गोळ्याचं मॉडेल बसवलं: एक चुंबकीय क्षेत्र, एक इलेक्ट्रॉन-समूह, एक डॉप्लर गुणक, म्हणजे आपल्याकडे येत असल्यामुळे गोळा किती पट तेजस्वी दिसतो ते. क्ष-किरण आणि गॅमा दोन्ही रेषेवर बसले. मला ते जरा जास्तच सोपं वाटलं, आणि अजूनही वाटतं. रेडिओचे ठिपके रेषेच्या बरेच वर राहिले. भडकणारा गोळा इतका दाट, की रेडिओ लहरी त्याच्यातच शोषल्या जातात. दिसणारा रेडिओ पुढच्या, पसरलेल्या झोतातला, म्हणजे ते ठिपके आलेखात असूनही मॉडेलच्या हिशेबात नाहीत.

शिवाय 1ईएस 1959+650 हा दुसरा ब्लेझार आहेच. 2002 च्या जूनमध्ये त्याचा टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट भडका दिसला, पण सोबत क्ष-किरणांची उसळी नव्हती. त्याला 'अनाथ भडका' म्हणतात. तिथे एका गोळ्याचं गणित अडतं, म्हणून काही जण गॅमासाठी झोतात प्रोटॉन आणतात, काही दुसरा गोळा जोडतात. पण दोन गोळे घेतले, की फिरवायच्या खुंट्या दुप्पट होतात आणि आलेख कसाही बसवता येतो. एखादं मॉडेल चूक ठरवायचं तर रेडिओपासून गॅमापर्यंतचं मोजमाप त्याच रात्रीचं हवं, आणि ते क्वचितच मिळतं. कधी चंद्र असतो, कधी ढग, कधी उपग्रह दुसरीकडे बघत असतो.