चिंच नंबर ४७

पेट्रोल पंपाच्या परवानग्या काढून देते म्हटलं की समोरचा हमखास आवाज खाली करतो. "मग वर किती द्यावे लागतात?" यावर माझं ठरलेलं उत्तर असतं की पायातल्या चपला वर्षाला तीन जोड लागतात. हे काम म्हणजे मुख्यतः आवक-जावक टेबलापाशी उभं राहणं. पत्र कुठल्या टेबलावर अडलंय आणि त्या टेबलावरचे साहेब रजेवर आहेत की ट्रेनिंगला, एवढं कळलं तरी दिवस कारणी लागला म्हणायचं.

ही केस मराठवाड्यातली, एका राज्यमार्गाला लागून असलेल्या जमिनीची. गाव आणि ऑफिसं सांगत नाही. जमीनमालकांना सगळे अण्णा म्हणतात. तेल कंपनीचं इरादापत्र, म्हणजे पंप द्यायचा इरादा असल्याचं पत्र, हातात आलं तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले. मी म्हटलं, "अण्णा, थोडे शिल्लक ठेवा."

पंपाला पेट्रोलियम नियम २००२ च्या नियम १४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांचं नाहरकत लागतं. ते द्यायच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालय पोलीस, तहसील, सार्वजनिक बांधकाम, नगररचना, महावितरण अशा सगळ्यांचे अभिप्राय मागवतं. ते आल्यावर गाठ पेसोशी, म्हणजे जुन्या एक्सप्लोझिव्ह खात्याशी. त्यांचं मुख्यालय नागपूरला. तिथून नमुना १४ मधला परवाना निघाला की मगच टाकीत पेट्रोल पडतं. नाहरकतीचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असं नियमात आहे. आमचा आठवा महिना चालू होता.

अडलं होतं एका चिंचेवर. रस्त्याकडेची जुनी चिंच, गेरू-चुन्याचे पट्टे मारलेली, खोडावर ४७ नंबर. आमच्या नकाशात ती गाड्या आत यायच्या वाटेच्या ऐन मध्ये उभी होती. चिंच १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे, तेव्हा तोडायला वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी हवी. बांधकाम विभाग म्हणे, आधी झाडाची परवानगी आणा, मग पोचमार्ग मंजूर करू. झाडवाले म्हणाले, तुमच्या नकाशातलं झाड आणि बांधकामच्या नोंदीतलं झाड यांत दोन-अडीच मीटरचा फरक आहे, आम्ही नेमकं कुठलं तोडायला परवानगी द्यायची? असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी गाडीत बसल्यावर ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

शेवटी सगळ्यांच्या हातापाया पडून एका गुरुवारी संयुक्त स्थळपाहणी ठरवली. बांधकामचे कनिष्ठ अभियंता, भूमी अभिलेखचे भूकरमापक, महावितरणचे शाखा अभियंता आणि त्यांचा वायरमन, झाडवाल्यांकडचा एक जण, तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात विचारा) आणि मी. इतकी माणसं एका तारखेला जमवण्यापेक्षा लग्न जमवणं सोपं.

बोलेरोच्या बॉनेटवर एकापुढे एक नकाशे पसरले, वारा होता म्हणून कडांवर दगड ठेवले. आणि आठ महिने कागद नाचवूनही माझ्या डोक्यात जे आलं नव्हतं ते पाच मिनिटांत समोर आलं. बांधकामवाले सगळी अंतरं रस्त्याच्या मध्यापासून मोजतात. भूमी अभिलेख हद्दीच्या दगडापासून. महावितरणच्या कागदावर तर हद्दच नाही, फक्त खांब आणि खांबाखांबातलं अंतर. पेसोला पाठवायच्या नकाशात सगळं पंपाच्या मशीनपासून आणि टाकीच्या तोंडापासून. आणि आमच्या आर्किटेक्टने मोजलं होतं तारेच्या कुंपणापासून.

भूकरमापक तरुण होता. रोव्हरची, म्हणजे उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्राची, काठी घेऊन तो कुंपणाशी गेला, थोडा रस्त्याकडे सरकला, मग उलटा आत आला. जमीन उकरली तर हद्दीचा दगड कुंपणाच्या आत निघाला. टेप लावला. २.४ मीटर.

कोणी काही बोलेना. अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वडिलांनी लावलेलं कुंपण आहे ताई. तवा रोडला एवढी रहदारी कुठं होती."

म्हणजे चूक कुठल्या खात्याची नव्हतीच. कुंपण हीच हद्द धरून मीच नकाशा सगळीकडे फिरवला होता. मध्यापासून मोजल्यावर चिंच बांधकामच्या नोंदीत होती तिथेच निघाली. आतल्या वाटेत नाही, वाट आणि रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात. अभियंता साहेबांनी वर बघितलं, "खालच्या फांद्या छाटून घ्या, गाडीवाल्याला रस्ता दिसला पाहिजे. झाड राहू द्या." झाडवाला माणूस डायरी मिटून वायरमनसोबत सावलीत जाऊन बसला.

मला हसायला येत होतं, पण हिशेब डोक्यात चालू होता. दुपदरी रस्त्याला, गावाबाहेर, पंपाला कमीत कमी ३५ बाय ३५ मीटर जागा लागते. आमच्या जागेची रस्त्यापासून आतली खोली ३६ मीटर होती. २.४ वजा केले की ३३.६. तुकडा कमी पडतो १.४ मीटरचा. आणि मागची जमीन अण्णांच्या धाकट्या भावाची, ज्याच्याशी विहिरीच्या पाळीवरून सहा वर्षं बोलणं बंद. तो पट्टा घ्यायचा म्हणजे खरेदीखत, फेरफार, नवा सातबारा, नवी मोजणी आणि मग सगळे अभिप्राय पुन्हा पहिल्यापासून.

तलाठ्यांनी पंचनामा लिहिला. एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या, या धंद्यात असा कागद मी पहिल्यांदाच पाहिला. त्याचा फोटो काढून ठेवलाय.

संध्याकाळी अण्णा भावाच्या घरी गेले. मी बाहेर गाडीत थांबले. पाऊण तासाने ते एकटेच बाहेर आले आणि खिडकीशी वाकले.

"चहा दिला," म्हणाले.

"आणि?"

"नकाशा दाखव म्हणतोय. ताई, कोणता दाखवू?"